रोहिणीच्या पाण्याचा वाद

सिद्धार्थ गौतमाने घर का सोडलं, याचं उत्तर आपल्याला शाळेपासून पाठ असतं. रथ, सारथी, वाटेत दिसलेला म्हातारा, मग आजारी माणूस, मग प्रेत, मग संन्यासी. आणि एका मध्यरात्री झोपलेल्या बायको-मुलाकडे शेवटची नजर टाकून निघून जाणं. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात या चार दृश्यांना जागाच नाही. ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या निधनानंतर, छापून आला. प्रस्तावनेतच बाबासाहेब विचारतात, की एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारपण, आजार आणि मरण पाहिलंच नव्हतं, हे कसं पटावं? मग ते एक वेगळंच कारण सांगतात, आणि ते कारण भरसभेत घडतं.

शाक्यांचा संघ भरलेला आहे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्यांच्या आणि शेजारच्या कोलियांच्या नोकरांत मारामारी झाली आहे, माणसं जखमी झाली आहेत. सेनापती युद्धाचा ठराव मांडतो. वयाच्या विसाव्या वर्षापासून संघाचा सभासद असलेला सिद्धार्थ उठून विरोध करतो आणि पर्यायी ठराव मांडतो: आपण दोन माणसं निवडू, कोलियांनी दोन निवडावीत, या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाच जणांनी मिळून भांडण सोडवावं. ठराव पडतो. दुसऱ्या दिवशी सैन्यभरतीचा ठराव येतो. सिद्धार्थ म्हणतो, मी लढणार नाही. मग सेनापती त्याला परिणाम ऐकवतो. संघ तुझ्या घरावर सामाजिक बहिष्कार घालू शकतो, तुमच्या जमिनी जप्त करू शकतो. घरच्यांवर ही पाळी नको म्हणून सिद्धार्थ स्वतःहून परिव्राजक व्हायला तयार होतो.

बहिष्कार आणि जमिनीची जप्ती. बहिष्कृत गावकुसाबाहेरच्या माणसाला या दोन शिक्षांचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नव्हता.

कथा इथे थांबत नाही. पुढे राजगृहात पाच परिव्राजक सिद्धार्थाला बातमी आणतात, की तो गेल्यावर शाक्यांमध्ये युद्धाविरुद्ध मिरवणुका निघाल्या, फलक घेऊन बायका-मुलं रस्त्यावर आली, आणि शेवटी दोन्ही बाजूंनी रोहिणीच्या पाण्यासाठी कायमचा लवाद नेमला. म्हणजे घर सोडण्याचं कारणच संपलं. परत जावं का? सिद्धार्थ विचार करतो, आणि त्याला उमगतं की राष्ट्राराष्ट्रांतलं युद्ध अधूनमधून होतं; वर्गावर्गांतला झगडा मात्र अखंड चालू असतो आणि जगातल्या दुःखाचं मूळ तोच आहे. म्हणून तो पुढे निघतो.

वर्गसंघर्ष हा शब्द बुद्धाच्या चरित्रात, तोही बोधीच्या आधी, कसा येऊन बसला?

मूळ गोष्ट पालीत आहे, पण तिपिटकाच्या मूळ पाठात नव्हे, तर नंतरच्या अट्ठकथांत, म्हणजे भाष्यांत. धम्मपदाच्या आणि कुणाल जातकाच्या. कपिलवस्तू आणि कोलियांचं नगर यांच्यामधून रोहिणी वाहते, बांध एकच. जेठ महिना लागलेला, पिकांनी माना टाकलेल्या. दोन्हीकडचे दास-कम्मकर, म्हणजे गुलाम आणि मजूर, बांधावर जमतात. कोलियांकडचे म्हणतात, पाणी वाटून घेतलं तर ना तुम्हाला पुरेल ना आम्हाला. आमचं पीक एका पाळीत हाती येईल, तेव्हा ही पाळी आमची. शाक्यांकडचे म्हणतात, वा! तुमची कोठारं भरली की आम्ही सोनं-नाणं आणि रिकामी पोती घेऊन तुमच्या दारोदार फिरायचं काय? आमचंही एकाच पाळीत येतंय. देणार नाही. आम्हीही देणार नाही. मग हातघाई, मग कुळाचा उद्धार: तुम्ही बहिणींशी संसार करणारे कुत्रे-कोल्हे, तर तुम्ही झाडात राहणारे महारोगी. कालव्याच्या टेलला शेती असलेल्या कुणालाही यातला निम्मा संवाद तोंडपाठ असेल.

भांडण मजुरांकडून अधिकाऱ्यांकडे, अधिकाऱ्यांकडून राजकुळांकडे जातं आणि दोन्ही सैन्यं नदीवर येतात. तिथे बुद्ध पोचतात. लक्षात घ्यायचं ते हे, की ते ‘बुद्ध’ म्हणून पोचतात; ज्ञानप्राप्ती केव्हाच झालेली आहे, भांडणारे दोन्हीकडचे त्यांचे नातलग आहेत. ते विचारतात, कलह कशावरून? राजे म्हणतात, आम्हाला माहीत नाही. मग कुणाला माहीत? उपराजाला विचारा. त्याला नाही, सेनापतीला विचारा. असं एकेक पायरी उतरत प्रश्न शेवटी दास-कम्मकरांपर्यंत येतो, आणि ते सांगतात: भन्ते, पाण्यावरून. मग पाण्याचं मोल किती आणि क्षत्रियांच्या रक्ताचं किती, असा बुद्धांचा प्रसिद्ध प्रश्न, आणि तह.

मला या कथेतला सगळ्यात तल्लख भाग तो प्रसिद्ध प्रश्न वाटत नाही. तलवार उपसून उभ्या असलेल्या राजांना लढाईचं कारण ठाऊक नाही आणि पाटावर चिखलात उभ्या असलेल्या गुलामाला ते ठाऊक आहे, हे पाचव्या शतकाच्या आसपासच्या कुणा अट्ठकथाकाराला सुचलं, तो भाग मोठा. अर्थात त्याला त्यातून काही वर्गीय सिद्धान्त काढायचा नव्हता. त्याला क्रोध वाईट हे दाखवायचं होतं.

ही कथा ज्ञानप्राप्तीनंतरच्या काळातून उचलून गृहत्यागाच्या आधी आणण्याचं काम गोव्यातल्या एका माणसाने केलं. धर्मानंद कोसंबी १८७६ साली साखवाळला जन्मले. बुद्धाच्या ओढीने घर सोडून पुणे, काशी, नेपाळ करत ते सिंहलद्वीपाला पोचले, १९०२ मध्ये तिथे श्रामणेर झाले, पाली शिकले, पुढे हार्वर्डला ‘विसुद्धिमग्ग’ संपादायला गेले. अमेरिकेच्या या वाऱ्यांतच समाजवादी विचाराशी त्यांची ओळख झाली आणि ती टिकली. १९२९ मध्ये ते लेनिनग्राडला गेले. तिथे श्चेर्बात्स्की या थोर पंडिताभोवती बौद्ध संस्कृतीची एक संस्था आदल्याच वर्षी उभी राहिली होती. क्रांतीनंतरच्या रशियात बौद्धांचं काय होणार, हा तेव्हा उघडा प्रश्न होता. अगवान दोर्जिएव हा बुर्यात लामा सांगत फिरत होता, की बुद्धाचा मूळ धर्म निरीश्वर आहे, भिक्षूला खासगी मालमत्ता नाही, तेव्हा नव्या राजवटीशी त्याचं वाकडं असण्याचं कारण नाही. दहा वर्षांच्या आत उत्तर मिळालं. १९३७ साली श्चेर्बात्स्कींच्या शिष्यपरिवारातल्या वोस्त्रिकोव्ह आणि तुब्यान्स्की यांना गोळ्या घालण्यात आल्या. दोर्जिएव १९३८ च्या जानेवारीत कैदेत मरण पावला. भिक्षू होऊन पुढे कम्युनिस्ट झालेले राहुल सांकृत्यायन याच १९३७ मध्ये लेनिनग्राडला पोचले होते.

धर्मानंद त्याआधीच परतले होते. १९३० मध्ये शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहात उतरून ते तुरुंगातही गेले. त्यांच्या लिखाणात मार्क्सचं नाव दर पानावर येत नाही, पण जमीन, यज्ञात कापली जाणारी शेतकऱ्याची गुरं, कर, दारिद्र्य यांकडे त्यांची नजर सतत जाते. गंमत अशी, की परळच्या गिरणगावात कामगारांसाठी आणि दलितांसाठी त्यांनी ‘बहुजन विहार’ उभा केला तो बिर्लांच्या देणगीतून.

१९४० च्या सुमारास त्यांचं ‘भगवान बुद्ध’ मराठीत आलं. या पुस्तकाने बुद्धाला राजवाड्यातून बाहेर काढलं. शुद्धोदन महाराजा नव्हता, अनेक शाक्यांपैकी एक होता. शाक्य स्वतः शेती करत आणि कोसल राजाच्या ताब्यात होते. मध्यरात्री पळून जाण्याची गोष्टही खरी नाही, कारण मज्झिमनिकायात बुद्ध स्वतःच सांगतात की आईबाप रडत असताना मी मुंडन केलं. मग कारण काय? इथे धर्मानंद सुत्तनिपातातलं अत्तदण्डसुत्त पुढे ठेवतात. हे सुत्त फार जुन्या थरातलं. त्यात बुद्ध प्रथमपुरुषी बोलतात: माणसं शस्त्रं हाती घेतात आणि त्यातूनच भय जन्मतं, आटत्या पाण्यातल्या माशांसारखी ती तडफडताना पाहून मला संवेग, म्हणजे हादरून टाकणारी विरक्ती, कसा आला ते सांगतो. अट्ठकथा म्हणते, हे सुत्त रोहिणीच्या काठावर सांगितलं. धर्मानंदांनी अट्ठकथेचा प्रसंग बाजूला ठेवला आणि सुत्तातला भूतकाळ धरला. संवेग आला तो घर सोडण्यापूर्वी, म्हणजे शाक्य-कोलियांचे असले तंटे त्याने तरुणपणीच पाहिले असणार.

हा तर्क निर्विवाद नाही. सुत्तात रोहिणीचं नाव नाही, शाक्यांचं नाही, कोलियांचंही नाही. पण चार दृश्यांच्या कथेपेक्षा तो जुन्या पाठाला जास्त धरून आहे, आणि एकदा तो मान्य केला की बुद्धाच्या पहिल्या दुःखाची जागाच बदलते. ते शरीरातून उठून शेताच्या बांधावर येतं.

बाबासाहेबांनी ही जागा घेतली आणि तिच्यावर पूर्ण इमारत चढवली. सभा, ठराव, मतदान, लवाद, बहिष्कार हे सगळं बांधकाम त्यांचं आहे. पालीत ते सापडणार नाही. १९५९ साली बौद्ध नियतकालिकांत परीक्षणं आली तेव्हा ग्रंथाचं नाव ‘आंबेडकर आणि त्यांचा धम्म’ असायला हवं होतं, असा टोलाही मारला गेला. टोला मारणाऱ्याला वाटलं तो दोष दाखवतो आहे.

हे बांधकाम कुठल्या अनुभवातून आलं, हे पाहायला हवं. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी कम्युनिस्ट पुढाऱ्यांना एक साधा प्रश्न विचारला होता. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथे अस्पृश्याला प्रवेश नाही, कारण धोट्यात नवी कांडी घातली की धागा तोंडाने ओढून काढावा लागतो आणि दुसऱ्याची उष्टी कांडी स्पृश्य कामगाराला चालत नाही. हा अन्याय मागण्यांत का नाही? वर्गाची एकजूट त्या थुंकीच्या थेंबापाशी अडत होती. तरीही दहा वर्षांनी, ७ नोव्हेंबर १९३८ ला, औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र संपावर गेले. वैर आणि सोबत, दोन्ही खरी. महाडच्या १९२७ च्या परिषदेची जुळवाजुळव ज्यांनी केली ते रा. बा. मोरे पुढे कम्युनिस्ट झाले आणि बाबासाहेबांशी त्यांचा जिव्हाळाही राहिला. (चवदार तळ्याचं पाणी आणि रोहिणीचं पाणी यांची सांगड घालायचा मोह होतो. बाबासाहेबांनी ती घातलेली नाही. एकीकडे पाण्याला शिवण्याचा हक्क आहे, दुसरीकडे पाण्याच्या पाळीचा.)

आणखी एक धागा सहसा कुणी ओढत नाही. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, आणि पाटबंधारे व वीजही त्याच खात्याकडे होती. मालक, मजूर आणि सरकार यांना एका टेबलाशी बसवणाऱ्या त्रिपक्षीय परिषदा त्यांनी चालवल्या. दामोदर खोऱ्याच्या योजनेत बंगाल आणि बिहार या दोन प्रांतांना एकत्र आणण्याची खटपट त्यांनी केली. कलह दोन प्रकारचे, मजुरीचे आणि नदीचे, आणि दोन्ही एकाच माणसाच्या टेबलावर. सिद्धार्थाच्या तोंडचा ‘तुमचे दोन, आमचे दोन, त्यांनी निवडलेला पाचवा’ हा ठराव मला त्या टेबलावरून उठून आलेला वाटतो. रोहिणीसाठी कायमचा लवाद नेमला गेला हे बाबासाहेब लिहीत होते, त्याच सुमारास, १९५६ मध्ये, भारताच्या संसदेने आंतरराज्य नदी पाणी तंट्यांचा कायदा केला.

‘बुद्ध की कार्ल मार्क्स’ हा त्यांचा निबंध त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. महाराष्ट्र शासनाने १९८७ मध्ये काढलेल्या तिसऱ्या खंडात तो आला. त्यात ते मार्क्सचा हिशेब एखाद्या वकिलासारखा करतात. टीकेच्या आगीत बरंच जळून गेलं, उरलं काय? थोडं, पण महत्त्वाचं: तत्त्वज्ञानाचं काम जग पुन्हा घडवण्याचं आहे, वर्गावर्गांत हितविरोध आहे, खासगी मालकी एका वर्गाला सत्ता आणि दुसऱ्याला दुःख देते, म्हणून मालकी जायला हवी. मग ते सांगतात, हे सगळं बुद्धाकडे आहे. भिक्षूला फक्त आठ वस्तू बाळगता येतात: तीन चीवरं, कंबरेचा पट्टा, भिक्षापात्र, वस्तरा, सुई आणि पाणी गाळायचं फडकं. हुकूमशाहीशिवायचा साम्यवाद भिक्षुसंघात अडीच हजार वर्षांपूर्वी होता, फार लहान प्रमाणावर, पण होता. भांडण उरतं ते साधनांचं: बळजबरी की मनाचं वळण.

२० नोव्हेंबर १९५६ ला काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत त्यांना अहिंसेवर बोलायला सांगितलं होतं. त्यांनी ‘बुद्ध आणि कार्ल मार्क्स’ हा विषय घेतला. ज्याला बुद्ध दुःख म्हणतो त्या ठिकाणी शोषण हा शब्द घालून पाहा, मार्क्स फार लांब राहत नाही, असा त्यांचा रोख होता. सोळा दिवसांनी ते गेले. समोर बसलेले श्रोते ब्रह्मदेश, सिंहल, थायलंडचे होते. त्यांच्या देशांतले तरुण साम्यवादाकडे ओढले जात होते आणि या ओढीला बौद्ध उत्तर हवं होतं. मार्क्सचा प्रश्न बुद्धाच्या मनात, बोधीच्याही आधी, पेरायचा, म्हणजे उत्तरासाठी मॉस्कोकडे पाहावं लागणार नाही. माझ्या मते रोहिणीच्या कथेचा खरा उपयोग बाबासाहेबांना हा होता.

आता धर्मानंदांच्या मुलाकडे यावं लागेल. दामोदर धर्मानंद कोसंबी हे गणिती आणि मार्क्सवादी. बापाने पोथ्या वाचल्या; मुलगा पोथ्यांसोबत डोंगरही वाचत गेला. कार्ले, जुन्नर, नाशिकची लेणी व्यापारी घाटवाटांवर आहेत, हे त्यांनी पायी फिरून दाखवलं. १९५६ सालीच त्यांचं ‘अ‍ॅन इंट्रोडक्शन टू द स्टडी ऑफ इंडियन हिस्टरी’ आलं. त्यांचा बुद्ध वर्गसंघर्षावर चिंतन करत नाही. तो टोळ्या मोडून खासगी मालमत्ता, व्यापार आणि राजसत्ता उभी राहत असतानाच्या समाजाची गरज भागवतो. यज्ञात गुरं मारू नका हे शेतीला हवं होतं, चोरी करू नका हे व्यापाऱ्याला. आणि संघ? नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने तीन हजार कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. दोन हजार दरमहा शेकडा एक व्याजाने, हजार दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. दोन हजारांचं वर्षाचं व्याज दोनशे चाळीस होतं, आणि लेखात लेण्यातल्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा असा हिशेब दिला आहे. गणित चोख जुळतं. आठ वस्तूंचा मालक असलेला भिक्षू आणि विणकरांच्या घामावर येणारं व्याज, दोन्ही एकाच लेण्यात. निबंधातल्या ‘लहान प्रमाणावरच्या साम्यवादा’ला हा शिलालेख अडचणीचा आहे, आणि बाबासाहेबांच्या बाजूने कुणी त्याला नीट उत्तर दिलेलं माझ्या वाचनात नाही.

पुढची पिढी बुद्ध आणि मार्क्स या दोन नावांवरून फुटली. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली. पुढच्या वर्षीचा जाहीरनामा राजा ढाले यांना कम्युनिस्ट वळणाचा वाटला, नामदेव ढसाळ त्याच्या बाजूने उभे राहिले, आणि १९७४ मध्ये संघटना दुभंगली. त्या वादात विचार किती आणि माणसं किती, हे वेगळं करणं अवघड आहे. मला त्याहून कसदार वाटतं ते धुळ्याच्या शरद पाटलांचं काम. १९७८ मध्ये मार्क्सवादी पक्ष सोडून त्यांनी सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला, मार्क्सला फुले-आंबेडकर जोडले, आणि दिङ्नाग-धर्मकीर्तीच्या तर्कशास्त्रापर्यंत जाऊन बौद्ध विचारातून मार्क्सवादाची दुरुस्ती करू पाहिली. ‘दास-शूद्रांची गुलामगिरी’ हे त्यांच्या ग्रंथाचं नावच रोहिणीच्या बांधावरच्या माणसाकडे बोट दाखवतं. शाक्यांचा संघ लोकशाही होता म्हणता, तर ती कुणाची? सभेत बसणारे कोण आणि पाट फोडणारे कोण?

हा प्रश्न घेऊन विनयपिटक उघडलं तर दोन नोंदी मिळतात. महावग्गात नियम आहे, की दासाला प्रव्रज्या, म्हणजे संघात प्रवेश, देऊ नये. कर्जबाजाऱ्यालाही नाही, राजाच्या सैनिकालाही नाही. पळून आलेला दास विहारात मालकांनी ओळखला, लोक कुरकुरले, म्हणून हा नियम आला. रोहिणीचं भांडण मिटल्यावर दोन्हीकडून अडीचशे-अडीचशे तरुण भिक्षू झाले असं अट्ठकथा सांगते. ते सगळे राजकुळांतले होते. दुसरी नोंद चुल्लवग्गातली. अनुरुद्ध, आनंद, भद्दिय हे शाक्य तरुण प्रव्रज्येला आले तेव्हा त्यांनीच विनंती केली, की आमच्या उपालि न्हाव्याला आधी दीक्षा द्या, म्हणजे तो आम्हाला ज्येष्ठ होईल आणि त्याला वंदन करताना आमचा शाक्य असल्याचा ताठा मोडेल. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथातलं खालच्या समजल्या गेलेल्यांच्या धम्मदीक्षेचं प्रकरण या उपालिपासून सुरू केलं.